आपल्या खासदाराने कुठल्या कायद्याला काय मत दिलं, हे शोधायचं कुठे?

बांधावरून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय.

मी कांदा पिकवतो. मागच्या महिन्यात आमच्याकडे एका सभेत एक माजी खासदार भाषणात म्हणाले की २०२० च्या शेती कायद्यांच्या विरोधात मी लोकसभेत मत दिलं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते खरं बोलले की खोटं हेच मला अजून कळलेलं नाही. तो आठवडा मात्र मला चांगला लक्षात आहे. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, लोकसभेत जीवनावश्यक वस्तू कायद्यातला बदल मंजूर झाला, ज्यात कांदा-बटाटा-डाळी यांच्यावरचं साठ्याचं बंधन सैल करायचं म्हटलं होतं. म्हणजे एका हाताने बाजार मोकळा आणि दुसऱ्या हाताने बंद. आमचा माल चाळीत पडून होता. त्या दिवशी आमच्या माणसाने काय केलं हे मला कळायला नको?

तीन रात्री बसलो. हजेरी मिळाली, विचारलेले प्रश्न मिळाले, चर्चेत किती वेळा भाग घेतला तेही मिळालं. फक्त मत कुठे मिळालं नाही. मी चुकीच्या जागी शोधतोय का? जाणकारांनी सांगा.

चौकस

दादा, तुम्ही बरोबर जागी शोधलंत. तिथे ते नाहीचे.

लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी होय म्हणा, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणा, आणि आवाज ऐकून सांगतात की होयचं बहुमत. झालं. कोण होय म्हणालं आणि कोण गप्प बसलं हे कुठेही लिहिलं जात नाही. नाव लागतं ते मतविभागणी झाली तरच, आणि ती व्हायला कुणीतरी अध्यक्षांच्या निकालाला तिथल्या तिथे हरकत घ्यावी लागते. मग लॉबी रिकाम्या करतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद, आणि सदस्य बटण दाबतात. हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ.

सप्टेंबर २०२० मधली ती तिन्ही विधेयकं लोकसभेत आवाजी मतदानाने झालीयेत. त्यामुळे तुमचे माजी खासदार खरं बोलले असले तरी सिद्ध करू शकत नाहीत आणि खोटं बोलले असले तरी तुम्ही पकडू शकत नाही.

लिंबलोण

आमच्या घरातही आवाजी मतदानच चालतं आणि आईचा आवाज सगळ्यात मोठा, त्यामुळे होयचं बहुमत कायम तिच्याकडे :)

पण चौकस, राज्यसभेत तर मतविभागणी मागितली होती ना त्या वेळी? तो गोंधळ टीव्हीवर बघितल्याचं आठवतंय.

चौकस

हो, मागितली होती. २० सप्टेंबर २०२०, रविवार होता. विरोधी सदस्य मतविभागणी मागत होते, उपसभापती हरिवंश यांनी ती दिली नाही, सदस्य आपापल्या जागेवर नव्हते असं कारण सांगितलं गेलं. विरोधकांना ते अजिबात मान्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. कायदे आवाजी मतदानानेच मंजूर. आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, २९ नोव्हेंबर २०२१ ला ते मागे घेतले तेही दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चा न होता, आवाजी मतदानाने. म्हणजे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले त्या कायद्यांचा जन्म आणि मृत्यू, दोन्हीकडे एकाही सदस्याचं नाव बाजूने की विरोधात असं छापलेलं नाही.

पिंपळपान

माझं मत थोडं वेगळं आहे. नाव छापलं असतं तरी काय कळलं असतं? मत खासदाराचं नसतंच, पक्षाचं असतं. १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती आली, पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं किंवा न सांगता गैरहजर राहिलात आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. मग त्या हिरव्या बटणावर बोट कुणाचं आणि हात कुणाचा? अमेरिकेत एकेका सिनेटरचा पन्नास मुद्द्यांवरचा तक्ता निघतो, कारण तिथे पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खुर्ची जात नाही. आपल्याकडे तसा तक्ता काढला तर एका पक्षाच्या सगळ्यांचा एकसारखाच निघेल. त्यापेक्षा पक्षाचा जाहीरनामा वाचा, वेळ वाचेल.

सुलभाकाकू

पिंपळपान, तुमचा मुद्दा कळतोय पण पटत नाही. मी दहा वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होते. आमच्या प्रोसिडिंगमध्ये प्रत्येक ठरावाखाली सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे नावानिशी लिहिलेलं असतं. एकदा एका ठरावाला मी विरोध केला होता, गायरानाच्या जागेचा होता, आणि ग्रामसेवकाला सांगून माझा विरोध लिहून घेतला. त्यांनी टाळाटाळ केली पण मी उठले नाही तिथून. सात-आठ वर्षांनी त्या जागेवरून भांडण निघालं तेव्हा लोकांनी वही उघडली आणि तेवढी एक ओळ माझ्या कामी आली. नाहीतर मीही सगळ्यांत धरले गेले असते.

एवढ्याशा गावात जर हे होतं तर देशाच्या कायद्याला का नाही? पक्षाने सांगितलं म्हणून हो म्हणालात ना, मग तसं म्हणून तरी नाव लागू द्या.

रानवाट

काकू, तुमच्या त्या ओळीला नमस्कार.

असंच एक ताजं. १० जुलै २०२५ ला जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आलं, आवाजी मतदानाने मंजूर झालं. २८८ जणांच्या सभागृहात विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. सभागृहाबाहेर नंतर विरोधी पक्षांचे कितीतरी नेते या कायद्याविरुद्ध तावातावाने बोलले, आंदोलनं झाली. मला त्या कायद्याबद्दल काय वाटतं ते बाजूला राहू द्या, पण बाहेर बोलणाऱ्यांनी आत साधा पोल, म्हणजे मतविभागणी, तरी मागायचा होता. संख्या नव्हती मान्य, हरले असते मान्य, पण नावं तरी लागली असती.

उत्तररात्र

पोल मागून मिळतोच असं नाही हो. १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. फडणवीसांचं पहिलं सरकार, अल्पमतातलं, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला. विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी जाहीर केलं, शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिले. सरकार राहणार की जाणार हा प्रश्न आणि त्यावर कुणाचंच नाव नाही! त्या उलट ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या वेळी शिरगणती झाली, प्रत्येक आमदार उभा राहून नाव सांगत होता, १६९ बाजूने आणि चार तटस्थ, भाजपने सभात्याग केला. जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या वेळीही मोजणी, १६४ विरुद्ध ९९. मी २०१९ ची शिरगणती पूर्ण बघितली होती. कंटाळवाणी आहे पण बघताना वाटलं की लोकशाही अशीच कंटाळवाणी असायला पाहिजे.

भटकाजीव

मंडळी, एक प्रामाणिक प्रश्न. मतदारसंघात लोक हे बघून मत देतात का? आमच्याकडे खासदार दवाखान्याला फोन करतो का, रेल्वेचा थांबा मिळवतो का, सभामंडप बांधून देतो का हे बघतात. आणि त्यात चूक काय? माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी खासदाराच्या ऑफिसातून एक पत्र मिळालं म्हणून मदत मिळाली. मला त्यांचं कुठल्या कायद्यावरचं मत माहीत नाही आणि मी पुढच्या वेळी त्यांनाच मत देणार.

सुलभाकाकू

भटकाजीव, वडील आता बरे आहेत ना? तुमच्यासारख्या माणसाने उपकार विसरू नयेतच. पण मला वाटतं पत्र द्यायला खासदार लागू नये अशी व्यवस्था करणं हे सुद्धा त्याच खासदाराचं काम आहे, आणि ते तो सभागृहात करतो, ऑफिसात नाही.

भटकाजीव

बरे आहेत काकू. हे असं डोक्यात आलं नव्हतं. विचार करतो.

चौकस

स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी असतो, त्यातून मंडप-रस्ते होतात. पण कांद्याची निर्यात, रेल्वेचं बजेट, आरोग्य योजनेचे निकष, हे सगळं दिल्लीत ठरतं, त्याचा जाब लोकसभेत विचारता येतो आणि तिथे बघायला कुणी नसतं. असो, पिंपळपान यांच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण तो या धाग्यातला सगळ्यात जड मुद्दा आहे. व्हिपमुळे नोंद निरर्थक होते का?

माझं उत्तर नाही, कारण पक्षसुद्धा एका आठवड्यात दोन वेगवेगळी मतं देतात. ९ डिसेंबर २०१९, नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० ने मंजूर, शिवसेनेने बाजूने मत दिलं. दोनच दिवसांनी तेच विधेयक राज्यसभेत आणि शिवसेना मतदानाच्या वेळी बाहेर. लोकसभेत मतविभागणी झाली म्हणून हे आज आपण तारखेसकट बोलू शकतो. नाहीतर पाच वर्षांनी दोन्ही बाजूंनी सांगितलं असतं की आम्ही कायम असंच म्हणत होतो.

आणि सभात्याग हेही मतच असतं. जुलै २०१९ मध्ये तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ ने पास झालं तेव्हा जेडीयू आणि अण्णाद्रमुक दोघांनी विरोध जाहीर करून सभात्याग केला. बाहेर जाऊन त्यांनी बहुमताचा आकडा खाली आणला. विरोधात भाषण आणि मदत बाजूने, हे फक्त नोंद बघितली तरच दिसतं.

लिंबलोण

म्हणजे भाषण ऐकू नका, दार बघा :)

पिंपळपान

लिंबलोण, हे आवडलं. आणि चौकस, एवढं मान्य करतो की पक्षाचा हिशेब ठेवायला तरी नोंद लागते. पण व्यक्तीचं काय? १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं तेव्हा सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिलं आणि पक्षाने त्यांना काढलं. अशी माणसं किती? १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की अपात्रता फक्त विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवा. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला पण व्हिपची व्याप्ती मर्यादित असावी असंच सुचवलं. मनीष तिवारींनी यासाठी खाजगी विधेयकही, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं. पुढे काही नाही. खाजगी विधेयकांपैकी स्वातंत्र्यानंतर १४ च कायदे झालेत आणि शेवटचं १९७० ला, म्हणजे त्या वाटेने होणारही नाही.

आणि महाराष्ट्रात तर शिवसेना फुटल्यावर व्हिप कुणाचा हाच वाद झाला. ठाकरे गटाच्या सुनील प्रभूंचा की शिंदे गटाच्या भरत गोगावलेंचा? ११ मे २०२३ ला कोर्टाने सांगितलं की व्हिप काढणारा प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, गोगावलेंची नेमणूक बेकायदा. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष नार्वेकरांच्या निकालात कुणीच अपात्र झालं नाही. मतदाराने यातून काय वाचायचं?

दुपारचं_ऊन

व्हिपवरून एक राहिलं. आमदार जेव्हा विधान परिषदेसाठी मत देतात ते गुप्त असतं आणि राज्यसभेसाठी देतात तेव्हा पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते, २००३ पासून. जून २०२२ मध्ये दोन्ही निवडणुका दहा दिवसांच्या अंतराने झाल्या. २० तारखेला गुप्त मतदानात मतं फुटली आणि त्याच रात्री शिंदे सुरतेकडे निघाले. म्हणून मला वाटतं की उघड नोंद असली की पक्ष खूश, मतदाराला मात्र त्यातलं काहीच दाखवत नाहीत. दाखवायचंच तर पक्षाच्या एजंटला का, आम्हाला दाखवा.

रानवाट

हे वाक्य सभेत म्हणायला पाहिजे कुणीतरी. आम्हाला दाखवा.

शेवंती

मी पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. लहानपणापासून घरात शेतकरी संघटनेचं वातावरण. आई १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती, मला कडेवर घेऊन. नंतर संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत आमच्या बाबांनी काही जमीन आईच्या नावावर केली. आमच्या गावात असं करणारी थोडीच घरं, पण होती.

आता हे बघा. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. मी तेव्हा कॉलेजात शिकवायला लागले होते, पेपरात वाचलं आणि इतका राग आला की आईला फोन केला. ज्यांच्यामुळे तुझ्या नावावर सातबारा झाला तेच बायकांच्या विरोधात गेले? आई शांतपणे म्हणाली, त्यांचं म्हणणं वाच आणि मग बोल. मी वाचलं. मतदारसंघ आळीपाळीने राखीव करण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही, मी त्या विधेयकाच्या बाजूचीच. पण त्या दिवशी त्यांना १८६ मध्ये मिसळून जाता आलं असतं, कुणी विचारलंही नसतं, आणि तसं न करता त्यांनी नाव लावून विरोध केला आणि कारण दिलं. म्हणून मला त्यांच्याशी भांडता आलं. आईशी तर आठवडाभर भांडले.

एखाद्या तक्त्यात ते फक्त "महिला आरक्षण: विरोध" एवढंच दिसले असते, आणि तो तक्ता खरा असूनही अपुरा ठरला असता. म्हणून माझं म्हणणं, मत आणि त्याचं सांगितलेलं कारण दोन्ही शेजारी शेजारी ठेवावं. एकटं मत फसवतं आणि एकटं भाषण तर त्याहून फसवतं.

पिंपळपान

शेवंतीताई, माझा पहिला प्रतिसाद तुमच्या या पोस्टपुढे मी मागे घेतो. तक्ते एकसारखे निघतील हे खरं, पण जो एक वेगळा निघतो त्याच्यासाठीच तक्ता काढायचा असतो.

उत्तररात्र

याच विषयावर पुढचं. २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत महिला आरक्षण ४५४ विरुद्ध २. ते दोन म्हणजे ओवेसी आणि आपल्या संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा कोटा नाही हे त्यांचं कारण, जे ते आधी बोलले तेच मतात दिसलं. सहमत असा किंवा नसा, मेळ बसतो. राज्यसभेत दुसऱ्या दिवशी २१४ विरुद्ध ०.

घटनादुरुस्ती असली की एक बरं असतं, विशेष बहुमत मोजावंच लागतं, त्यामुळे मतविभागणी होतेच.

बांधावरून

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवंतीताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, चांदवडला आमची आजीसुद्धा होती.

मग प्रश्न परत तिथेच येतो. मतविभागणी झाली असेल तर ती नावं मला नक्की कुठे मिळतील? आणि आवाजी असेल तर त्या माणसाला मी कशावरून तपासू?

चौकस

मतविभागणी झाली असेल तर त्या दिवसाच्या चर्चेचं पूर्ण इतिवृत्त संसदेच्या साइटवर मिळतं, त्यात त्या ठिकाणी बाजूने आणि विरोधात अशी नावांची यादी छापलेली असते. शेकडो पानांच्या मजकुरात मध्येच असते, म्हणून कुणाला सापडत नाही. यादीखालच्या तळटीपाही बघा, बटण नीट लागलं नाही म्हणून चिठ्ठीने मत दुरुस्त करणाऱ्यांची नावं तिथे असतात. सभागृहातल्या फलकावर लगेच झळकतो तो आकडा दुरुस्तीच्या अधीन असतो, त्यामुळे पेपरातला आकडा आणि इतिवृत्तातला आकडा कधीकधी जुळत नाही.

आवाजी असेल तर तीन गोष्टी बघा. त्या विधेयकावर तो बोलला का आणि काय बोलला. त्याने एखादी दुरुस्ती सुचवली होती का, कारण दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव लागतं. आणि विधेयक समितीकडे गेलं असेल तर अहवालाच्या शेवटी भिन्नमताची टिपणी त्याने जोडली होती का. वक्फ विधेयकावरच्या संयुक्त समितीत विरोधी सदस्यांनी अशा टिपण्या दिल्या होत्या आणि मग एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ अशी मतविभागणीही झाली, म्हणजे तिथे समितीपासून मतापर्यंत सगळी साखळी तपासता येते. शेती विधेयकं समितीकडे गेलीच नव्हती, म्हणून तुमच्या बाबतीत फक्त भाषण आणि दुरुस्त्या उरतात. हजेरीवर फार जाऊ नका, मंत्री तर हजेरीपटावर सही करतच नाहीत.

सुलभाकाकू

हजेरीवरून आठवलं. ऑगस्ट २०२३ ला दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुकांचं विधेयक राज्यसभेत १३१ विरुद्ध १०२ ने झालं, तेव्हा मनमोहन सिंग नव्वदीत व्हीलचेअरवर बसून आले होते. हरणार हे माहीत होतं. ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

बांधावरून

चौकसभाऊ, काल रात्री बसून काढलं. १५ सप्टेंबर २०२० ची पूर्ण चर्चा वाचली आणि १७ तारखेची पण. साहेबांचं नाव दोन्ही दिवसांत बोलणाऱ्यांमध्ये नाही आणि दुरुस्ती सुचवणाऱ्यांमध्येही नाही. त्यांनी आवाजात नाही म्हटलं असेल, मी म्हणत नाही की नाही म्हटलं. पण कांद्याचं नाव सभागृहात दुसऱ्यांनीच घेतलं.

पुढची सभा पंधरा दिवसांनी आहे. मी दोन्ही दिवसांची पानं प्रिंट काढून नेतोय, आणि भांडायला नाही, फक्त विचारायला, की साहेब यात तुम्ही कुठे आहात ते दाखवा. काय म्हणतात ते इथेच येऊन लिहितो.

भटकाजीव

दादा, माझ्या खासदारांचंही कसं काढायचं ते जरा सांगाल का? पत्राचे आभार मानायला जाणार आहे, तेव्हा एक-दोन प्रश्नही विचारीन म्हणतो.